टेन्शन घ्या, पण दोन्ही बाजूंनी!

हळदीला फक्त पाच दिवस उरलेत. खाली अंगणात मांडववाल्याची ठोकाठोक चाललीय, आई पाहुण्यांच्या गाद्या मोजतेय, बाबा आचाऱ्याशी फोनवर वाद घालतायत. आणि मी? वरच्या खोलीत इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेऊन कपाळाला हात लावून बसलोय. कारण गिटारने चक्क शेपूट वर केलंय!

शेपूट म्हणजे ब्रिज. तारा ज्यावरून जातात ती धातूची पट्टी. एरवी ती गिटारच्या अंगाशी जवळजवळ समांतर असते. त्या दिवशी मात्र लाथ मारायला निघालेल्या गाढवासारखी मागून उचलली गेली होती. तारा इतक्या वर, की खालून मांजर जाईल. आणि सूर? एक तार जुळवावी तर बाकीच्या पाच उतरतात. त्या जुळवाव्यात तर पहिली उतरते. बाजेची पट्टी एकीकडे ओढली की दुसरीकडे झोळ पडतो ना, अगदी तस्सं.

गुन्हा एकच. पातळ तारा काढून मी जाड तारा लावल्या होत्या.

तुम्ही म्हणाल, लग्नघरात हे उद्योग सांगितले होते कुणी? सांगतो.

काळी पाच ते पांढरी सहा

लग्न ताईचं होतं. जुन्या जालन्यातल्या आमच्या घरात गाणारी ती एकटीच. आठवीपासून तालीम, मिरजेहून आणलेला तंबोरा, सकाळचा रियाज, सगळं साग्रसंगीत. मी तिच्या शेजारी बसून कंटाळायचो आणि मनातल्या मनात हेवी मेटल वाजवायचो. पुढे पुण्यात नोकरी लागली, पहिला बोनस आला आणि मी थेट स्ट्रॅटोकास्टर छापाची लाल गिटार घेऊन टाकली. बाबा म्हणाले, "एवढ्यात सेकंडहँड बाइक आली असती."

दोन वर्षांपूर्वी ताईचं थायरॉईडचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन उत्तम झालं, तब्येत ठणठणीत. पण वरचे सूर पूर्वीसारखे लागेनात. डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं, की स्वरतंतूंना ताण देणाऱ्या स्नायूची नस या ग्रंथीला अगदी चिकटून जाते, त्यामुळे काही जणांना वर चढताना त्रास होतो. बोलताना कुणाला काही कळायचं नाही. गाताना मात्र तिला कळायचं, आणि तेवढं पुरे होतं. तंबोऱ्यावर गवसणी चढली ती चढलीच. दोन वर्षं तो कोपऱ्यात उभा. घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही.

मी सुट्टीवर आलो त्या रात्री गच्चीवर विषय काढला. "ताई, हळदीला आपण दोघं एक गाणं करू. तू गा, मी वाजवतो."

"वेडा आहेस का? काळी पाचमध्ये माझा वरचा सा थरथरतो."

"मग खाली ये ना. पांढरी सहा कर."

"मी येईन रे. तुझी गिटार येईल का?"

पॉइंट होता! काळी पाच ते पांढरी सहा म्हणजे अर्धा सूर. कीबोर्डवाल्याला काय, एक बटण दाबलं की झालं. आमचा मित्र ते दोन सेकंदांत करणार होता. पण गिटारवरची माझी सगळी करामत मोकळ्या तारांवर बेतलेली. क्लिप लावून सूर वर नेता येतो, खाली आणता येत नाही. आणि दुसऱ्या पट्टीत तेच सगळं नव्याने बसवायला मी काही एवढा उस्ताद नाही. उपाय एकच, सहाच्या सहा तारा अर्ध्या सुराने उतरवायच्या. जिमी हेंड्रिक्स उतरवायचा, स्टीव्ही रे वॉन उतरवायचा. मग आपल्याला काय धाड भरलीय?

उतरवल्या. आणि माझ्या पातळ तारा पायजम्याच्या नाडीसारख्या लोंबू लागल्या. जरा जोरात छेडलं की आवाज भरकटायचा. ताईने ऐकलं आणि फक्त भुवई वर केली. शास्त्रीय गाणाऱ्या बहिणीची भुवई किती बोलते, हे ज्यांना बहीण आहे त्यांनाच कळेल.

किलोचा हिशेब

इथे थोडं गणित. घाबरू नका, बारावीपर्यंतचं आहे.

गिटारच्या तारांची जाडी इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. माझ्या तारा 'नऊ'च्या होत्या, म्हणजे सगळ्यात पातळ तार 0.009 इंच आणि सगळ्यात जाड 0.042. असा पूर्ण संच सुरात लावला की सहा तारा मिळून ब्रिजला साधारण 38-39 किलोंनी ओढतात. हो, किलोंनी! 'दहा'चा संच लावा, ओढ 47 किलोंच्या आसपास. 'अकरा'चा लावा, 53-54 किलो. कारण सोपं आहे. लांबी आणि सूर तोच ठेवला, तर साध्या तारेवरचा ताण तिच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. नऊवरून अकरावर गेलात तर जाडी वाढते 22 टक्के, ताण मात्र जवळपास दीडपट.

आता उलटं बघा. अर्धा सूर उतरवला की ताण सुमारे 11 टक्क्यांनी कमी होतो. म्हणजे अकराचा संच अर्धा सूर खाली लावला, तर ओढ येते 47-48 किलो. थोडक्यात, नेहमीच्या सुरातल्या दहाच्या संचाएवढी! जाड तारा, भरीव आवाज आणि बोटांना सोसेल असा ताण. वॉन तर तेराच्या तारा अर्धा सूर खाली लावून वाजवायचा. पण त्याची बोटं त्याची होती.

अकराचा संच मागवला. तिसऱ्या दिवशी पार्सल दारात. मी उत्साहाच्या भरात सगळ्या जुन्या तारा एकदम कापल्या, नव्या लावल्या, सुरात आणल्या. आणि शेपूट वर!

लिओभाऊंची करामत

हे असं का होतं, ते कळण्यासाठी अमेरिकेत जाऊन यावं लागेल. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात लिओ फेंडर नावाचे गृहस्थ रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, ही यातली गंमत. पण 1954 मध्ये त्यांच्या कंपनीने स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली. तिच्या ब्रिजला एक दांडी होती. दांडी दाबली की सहाही तारा एकदम सैल होऊन सूर खाली घसरतो, सोडली की परत जागेवर. या यंत्रणेचं पेटंट त्यांना 1956 मध्ये मिळालं. नाव ठेवलं ट्रेमोलो. खरं तर सूर हलतो त्याला व्हायब्रेटो म्हणतात, ट्रेमोलो म्हणजे आवाज कमी-जास्त होणं. पण बारशाला एकदा नाव पडलं की पडलं.

ही यंत्रणा म्हणजे लहान मुलांचा सीसॉ. ब्रिज पुढच्या कडेवर टेकून डोलतो. वरून तारा त्याला मानेच्या दिशेने ओढतात. खाली, गिटारच्या पोटात, ब्रिजला धातूचा एक ठोकळा जोडलेला असतो. त्याला स्प्रिंग लावलेल्या असतात आणि त्या उलट्या बाजूने जोर लावतात. तीन ते पाच स्प्रिंग. त्यांची दुसरी टोकं पंजासारख्या एका पट्टीत अडकवलेली, आणि ही पट्टी दोन लांब स्क्रूंनी लाकडात बसवलेली. ठोकळा खोल असल्यामुळे स्प्रिंगना पहारीसारखा फायदा मिळतो, म्हणून तीन छोट्या स्प्रिंग 38 किलोंना पुरून उरतात. दोन्ही बाजू बरोबरीत असल्या की ब्रिज तरंगतो.

मी तारांची बाजू नऊ-दहा किलोंनी वाढवली होती. स्प्रिंगची बाजू होती तिथेच. सीसॉवर एका बाजूला मामा बसला आणि दुसऱ्या बाजूला भाचा. दुसरं काय होणार?

ठोकळ्याचा मोह

मोठ्या शहरातल्या एका दुकानात फोन लावला. पलीकडचा माणूस घाईत होता. म्हणाला, लाकडाचा तुकडा मार आत, ब्रिज जाम करून टाक, दांडी काढून ठेव. टेन्शन खल्लास.

सल्ला चुकीचा नव्हता. बरेच वाजवणारे असंच करतात, आणि ज्यांना दांडी लागतच नाही त्यांच्यासाठी ते उत्तमच. पण मला दांडी हवी होती. ताईच्या गाण्यात एक जागा होती. तिथे ती वरच्या सुरावरून मींड घेत खाली यायची. ऑपरेशननंतर तिला सगळ्यात भीती त्याच जागेची. मला तिथे तिच्या बरोबरीने खाली यायचं होतं. पडद्यांमुळे गिटारचे सूर पायऱ्यांसारखे असतात आणि मींड म्हणजे घसरगुंडी. आपल्याकडे ही अडचण ओळखून लोकांनी गिटार आडवी ठेवून तारांवर कांब फिरवली. ब्रिजभूषण काब्रांनी तर तशा गिटारवर राग वाजवले. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसियांबरोबरचा त्यांचा 1967 चा अल्बम कित्येक घरांत आजही असेल. माझ्याकडे कांब नव्हती, दांडी होती. ती जाम करायला मन होईना.

बाबा तेवढ्यात डोकावले. गिटारची दशा बघून म्हणाले, "तंबोऱ्याच्या तारा बदलल्या की मिरजेचे कारागीर जवारी पुन्हा लावून देतात. नुसती तार बदलून भागत नाही रे, तिच्याभोवतीचं सगळं बदलावं लागतं."

मिरजेत ही विद्या एकोणिसाव्या शतकापासून चालत आलीय. शस्त्रं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यांतले लोक वाद्यं घडवू लागले आणि सतारमेकर झाले. 2024 मध्ये तिथल्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मिरज काही पाच दिवसांत होण्यासारखी नव्हती. पण बाबांचं वाक्य डोक्यात राहिलं: तिच्याभोवतीचं सगळं.

एक सूत, दहा थाऊ

जालना म्हणजे सळयांचं आणि बियाण्यांचं गाव. इथे रोलिंग मिल आहेत, लेथ आहेत, गॅरेज तर गल्लोगल्ली. माझ्या ओळखीत गिटारचा कारागीर एकही नव्हता. पण माझी बाइक लहानपणापासून, म्हणजे बाइकच्या लहानपणापासून, ज्यांच्याकडे जाते ते मिस्त्री चाचा होते. मला हवं होतं त्यांचं फिलर गेज, टॅपेट सेट करताना फट मोजायच्या त्या पातळ पात्या. गिटार पाठीला लावून गेलो.

चाचांनी स्टुलावर फडकं पसरलं. गिटार उलटी ठेवून मागचं झाकण उघडलं आणि स्प्रिंग बघून एकदम खूश! "अरे, ये तो अपनाच काम है. कितना ऊपर रहना मंगता ये?"

कंपनी सांगते त्याप्रमाणे ब्रिजची मागची कड लाकडापासून एक अष्टमांश इंच वर हवी. मी मिलिमीटरमध्ये सांगायला लागलो, तर चाचा म्हणाले, "मतलब एक सूत. सीधा बोल ना." खरंच की! आमच्या गावात सळई सुतांत मोजतात. चार सूत म्हणजे अर्धा इंच, हे इथे शेंबड्या पोरालाही माहीत. फेंडरसाहेबांचं माप अस्सल जालन्याचं निघालं.

तीन स्प्रिंग पुरणार नव्हत्या. चाचांनी आधी डब्यातून मोपेडची एक स्प्रिंग काढली, ओढून बघितली आणि स्वतःच परत टाकली. "बहुत कडक है, लकडी फाडेगी." गिटारसोबत आलेल्या पाकिटात दोन जादा स्प्रिंग होत्या, त्यातली एक चौथी म्हणून लावली. मग पंजाचे दोन स्क्रू. मी एकच जोरात पिळायला निघालो, तर त्यांनी हात धरला.

"बेटा, चेन टाइट करते तो क्या करते? एक बाजू खींची और दूसरी छोड दी, तो चक्का तिरछा. दोनों बाजू बराबर. थोडा इधर, थोडा उधर."

तारा सैल करायच्या, दोन्ही स्क्रू अर्धा-अर्धा फेरा आवळायचे, तारा पुन्हा सुरात आणायच्या, फट मोजायची. पुन्हा सैल, पुन्हा अर्धा फेरा. सात वेळा केलं हे. चाचांनी मध्ये दोन गिऱ्हाइकांचे पंक्चर काढले. सातव्या वेळी एक सूत जाडीची पट्टी ब्रिजखाली अलगद सरकली आणि ताराही सुरात होत्या. मी चाचांना पैसे विचारले. म्हणाले, "शादी में बुला."

तिच्याभोवतीचं सगळं

घरी येऊन उरलेलं काम. जाड तारांच्या जादा ओढीने गिटारची मान पुढे वाकते. पहिल्या पडद्यावर क्लिप लावली, शेवटच्या पडद्यावर तार दाबली आणि आठव्या पडद्याशी फट मोजली. चाचांच्या गेजची दहा थाऊची पाती बेताने जायला हवी होती, तिथे दोन पाती एकदम जात होत्या. मानेतल्या सळईचा नट पाव फेरा आवळला, थांबलो, पुन्हा मोजलं. आणखी थोडा. बसलं.

मग मानेच्या टोकाची खाचांची पट्टी. तिच्या खाचा नऊच्या तारांसाठी कोरलेल्या. अकराची तार त्यात अडकून बसत होती, खुंटी फिरवली की 'टिंग' असा आवाज करून उडी मारायची. दांडी दाबून सोडली की सूर परत न येण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच. बारीक कानशीने खाचा रुंद केल्या, फक्त रुंद, खोल नाही. आत शिसपेन्सिल घासली. ग्रॅफाइट हे फुकटातलं वंगण!

शेवटी बाराव्या पडद्याची परीक्षा. तिथे दाबून वाजवलेला सूर आणि नुसता स्पर्श करून काढलेला सूर एकच यायला हवा. माझा दाबलेला सूर चढा येत होता, म्हणून ब्रिजवरची छोटी घोडी थोडी मागे घेतली. सहा तारा, सहा घोड्या. रात्रीचे दोन वाजले.

दार ढकलून ताई आत आली. हातावर मेंदी, त्यामुळे दार कोपराने ढकलून. "झोप की आता."

"एकदा म्हणून बघ ना. हळू."

तिने म्हटलं. हळू, जवळजवळ गुणगुणत. त्या जागेशी आली, क्षणभर थांबली आणि उतरली. मी दांडी दाबत तिच्यासोबत खाली आलो, सोडली आणि परत वर. सूर जिथून निघाला होता तिथेच परत आला. आम्ही दोघंही काही बोललो नाही. ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "परत एकदा."

हळद

हळदीच्या रात्री आवाज खणखणीत लागला असं मी म्हणणार नाही. मंगल कार्यालयाचा माइक शिट्ट्या मारत होता, कीबोर्डवाला मित्र पहिल्याच ओळीत चुकला. वरच्या सुरावर ताईचा आवाज किंचित हलला. पण ती थांबली नाही. मींड आली, मी दांडीवर हात ठेवला, आम्ही दोघं एकत्र खाली आलो. समोर पहिल्या रांगेत बाबा चष्मा पुसत होते. त्यांच्या मागे चाचा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते आणि शेजारच्याला सांगत होते, "स्प्रिंग मैने बिठाई."

ताई सासरी गेली तेव्हा गाडीत बॅगा होत्या, फराळाचे डबे होते आणि मागच्या सीटवर तंबोरा होता. गवसणी धुऊन इस्त्री केलेली. तारा नव्या, पांढरी सहाला सोसतील अशा जरा जाड.

मी पुण्यात परत आलो. ऑफिस, डेडलाइन, ट्रॅफिक, तेच टेन्शन. बँडवाले म्हणतात, आता नऊच्या तारा लाव, नेहमीच्या सुरात ये. लावेन कधीतरी. सध्या अकराच ठेवल्यात. रविवारी रात्री फोन येतो, स्पीकर ऑन करतो आणि पलीकडून आधी तंबोरा ऐकू येतो.

स्वतः करून बघायचंय?

• सगळ्या तारा एकदम काढू नका. एक काढा, एक लावा.

• सुरुवातीला ब्रिज बरोबर पातळीवर असताना, ठोकळ्याच्या मागे, म्हणजे पट्टा अडकवायच्या बटणाच्या बाजूला, नेमका बसेल असा लाकडाचा तुकडा तयार ठेवा. जाड तारा सुरात लावताना तो तिथे अडकवा. मग पंजाचे स्क्रू आवळत जा. तुकडा आपोआप सैल झाला की समजा, दोन्ही बाजू बरोबरीत आल्या.

• स्क्रू आवळण्याआधी तारा सैल करा. दोन्ही स्क्रू सारखे फिरवा. पंजाला डागलेली अर्थिंगची वायर तोडू नका, नाहीतर गिटार गुणगुणत बसेल.

• स्क्रू बरेच आत गेले तरी ब्रिज खाली येत नसेल, तर पिळत बसू नका. एक स्प्रिंग वाढवा.

• क्रम लक्षात ठेवा: आधी ब्रिज, मग मान, मग तारांची उंची, शेवटी बाराव्या पडद्याची परीक्षा. आधीचं बदललं की पुढचं सगळं पुन्हा तपासा.

• मानेतली सळई एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नका. अडली तर जोर लावू नका, जाणकाराकडे न्या.

• खाचा कोरताना हात आवरा. रुंद केलेली खाच चालते, खोल गेलेली परत भरून येत नाही.